दोनशे रुपयांचा माग

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या कुणाचीही पगारपत्रिका उघडा. भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या भरभक्कम आकड्यांखाली एक किरकोळ कपात दिसेल: व्यवसाय कर, 200 रुपये. रक्कम एवढी छोटी, की तिच्यासाठी अकाउंट्सवाल्याचं डोकं खायला कुणी जात नाही. फेब्रुवारीत मात्र 200 चे 300 होतात. तेव्हा एखाद्याच्या भुवया वर जातात, ‘असेल काहीतरी’ असं तो पुटपुटतो आणि पुढच्या आकड्याकडे वळतो.

ते ‘काहीतरी’ म्हणजे भारताची राज्यघटना. तिच्या 276 व्या कलमात लिहिलं आहे, की व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवरचा हा कर एका माणसाकडून वर्षाला 2500 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. दरमहा 200 म्हटलं की वर्षाचे होतात 2400. मर्यादेला टेकायला 100 रुपये कमी पडतात, ते आर्थिक वर्ष संपत आलं की फेब्रुवारीत उगवले जातात. घटना लागू झाली तेव्हा ही मर्यादा होती 250 रुपये. 1988 मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट केली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. 1988 मधले अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांत किती अंतर आहे, हे त्या काळात घर चालवलेल्या कुणालाही विचारा. महागाईने हा कर दरवर्षी थोडा थोडा कापला आहे, आणि तेही विधिमंडळात एक शब्द न बोलता.

यातली गंमत अशी, की हा उत्पन्नावरचा कर नव्हेच. पगारावरचा प्राप्तिकर केंद्राच्या हातात, तो राज्याला लावता येत नाही. राज्य म्हणतं, मी तुझ्या कमाईवर नाही, कमावण्याच्या धंद्यावर कर लावतो. वकील, डॉक्टर, दुकानदार, कारकून, सगळे याच जाळ्यात. जवळजवळ सारखी रक्कम असल्यामुळे त्याचा भारही उलटा पडतो. महिना 12 हजार मिळवणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या वर्षाच्या कमाईतला पावणेदोन टक्के हिस्सा यात जातो. महिना दोन लाख मिळवणाऱ्या व्यवस्थापकाच्या कमाईतला जातो टक्क्याचा जेमतेम दहावा भाग. अर्थशास्त्रात अशा कराला प्रतिगामी म्हणतात: खिसा जितका लहान, तितका चिमटा मोठा. सर्वात कमी पगारवाल्यांना त्यात सूट आहे, आणि 2023 पासून महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांनाही. पण 25 हजारांवरची स्त्री आणि 10 हजारांवरचा पुरुष या रेषेच्या पलीकडे सगळे एका पंगतीत.

अशा कराचं कौतुक कोण करणार? पण हे 200 रुपये जातात कुठे याचा माग काढायला लागलं, की श्रम, कर, सरकारी खर्च आणि वित्त या अर्थशास्त्राच्या चारही दालनांतून आपण आपसूक फिरून येतो. एखाद्या जाडजूड पाठ्यपुस्तकाचं काम ही एक ओळ करते.

हा कर 1975 मध्ये आला तो एका विशिष्ट कामासाठी. शहरातल्या संघटित नोकरदाराकडून, व्यावसायिकाकडून घ्यायचा आणि खेड्यात काम मागायला आलेल्या मजुराच्या रोजासाठी वापरायचा. म्हणजे रोजगार हमी योजना. जोडीला इतरही काही कर होते: मोटारींवरचा, विक्रीकरावरचा, बागायती जमिनीवरचा वाढीव आकार. पण मुख्य भार व्यवसाय कराचा, आणि नोकरदारांची गर्दी जिथे जास्त तिथून जास्त वसुली या न्यायाने त्यातला मोठा वाटा मुंबईचा. कायद्यात आणखी एक पाचर मारून ठेवली होती: या करांतून जितकी रक्कम येईल, तितकीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे कापलेल्या प्रत्येक 200 मागे सरकारचे आणखी 200.

हे सुचलं कुणाला? वि. स. पागे यांना. ते सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे, विसापूरचे. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी 1965 च्या सुमारास आपल्याच तालुक्यात, विसापूर आणि आसपासच्या गावांत करून पाहिली. तिकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा रोखही असाच होता: जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, गरिबाला काम द्या. एकाकडे आकडे होते, दुसऱ्याकडे गाव. मग 1972 चा दुष्काळ आला आणि वादाला जागाच उरली नाही.

त्या दुष्काळाच्या आठवणी आजही मराठवाड्यातल्या आणि नगर-सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत: खडी फोडणं, सुकडी, लाल मिलो ज्वारी. मे 1973 मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर रोज जवळपास 50 लाख माणसं होती. या काळाबद्दल अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी एक गोष्ट दाखवून दिली, आणि मला ती आजही थक्क करते. धान्याच्या राज्याबाहेर ने-आणीवर तेव्हा निर्बंध होते. तरीही शेजारच्या राज्यांतून खासगी व्यापारी चोरून-मारून महाराष्ट्रात धान्य आणत राहिले. का? कारण इथल्या मजुराच्या हातात रोजाचे पैसे होते. भूक सगळीकडेच असते, पण व्यापाऱ्याची बैलगाडी भुकेच्या मागे जात नाही, पैशाच्या मागे जाते. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, क्रयशक्ती पाठीशी असलेली इच्छा. पुस्तकात ही व्याख्या वाचली तर कोरडी वाटते. पण खडीच्या ढिगावर बसलेल्या बाईच्या पदराला बांधलेल्या नोटा सीमेपलीकडची ज्वारी ओढून आणतात, तेव्हा तिच्यात जीव येतो.

योजनेचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. खेड्यातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं अकुशल काम मागितलं, तर 15 दिवसांत द्यायचं. नाही दिलं, तर बेकारभत्ता. तो रोजचा एक रुपया इतका नाममात्र होता हे खरं, पण सरकारने काम दिलं नाही तर सरकारने दंड भरायचा हा उलटा न्याय तेव्हा जगात कुठे सहजासहजी सापडत नव्हता.

आता बेकार म्हणजे कोण? वाटतं तितकं हे सोपं नाही. घरी बसलेला प्रत्येक जण बेकार नसतो. काम करायची तयारी आहे, शोधही चालू आहे आणि काम मिळत नाही, असा माणूसच त्या गणतीत येतो. कंटाळून शोध थांबवला की तो श्रमशक्तीच्याच बाहेर पडतो आणि बेकारीचा दर चक्क खाली येतो! साप्ताहिक पद्धतीने मोजताना तर गेल्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं असेल, तरी तो माणूस रोजगारात. निंदणीला दोन दिवस गेलेली आणि पाच दिवस वाट पाहत बसलेली बाई या हिशेबात बेकार नाही. हा चकवा दिसल्यामुळेच 1970 मध्ये दांतवाला समितीने एकच आकडा काढायला नकार दिला आणि निरनिराळ्या कसोट्या लावायला सांगितलं. पुढे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब ठेवणारी दैनंदिन पद्धत आली, तेव्हा कुठे त्या बाईचे पाच रिकामे दिवस कागदावर उमटले.

रोजगार हमीने हा सगळा घोळ एका फटक्यात बाजूला सारला. गरीब कोण याची यादी करायचीच नाही. दारिद्र्यरेषेचा दाखला नको, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला नको. एप्रिलच्या उन्हात टिकाव-फावडं घेऊन मुरूम खोदायला जो येईल, तो गरजू. सुखवस्तू माणूस त्या रोजासाठी तिकडे फिरकणार नाही, म्हणजे निवड आपोआप होते. अर्थतज्ज्ञ याला स्वनिवड म्हणतात. जगभरच्या गरिबी निर्मूलन योजना खऱ्या गरिबापर्यंत पोहोचायचं कसं यावर डोकं फोडतात, आणि इथे उत्तर उन्हात ठेवलेलं होतं. या युक्तीला एक बोचरी बाजूही आहे: म्हाताऱ्याची, अपंगाची, ओल्या बाळंतिणीची गरज कितीही मोठी असली, तरी ही उन्हाची चाळणी त्यांना बाहेरच ठेवते.

रोज कसा ठरतो तेही एकदा जवळून बघायला हवं. बरीच कामं तासावर नसतात, मापावर असतात. मजुरांची टोळी मातीत चौकोनी खड्डे घेते. समजा एक खड्डा तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल. माप झालं 2.7 घनमीटर. तेवढी माती साधारण चार टन भरते, म्हणजे घमेल्याच्या दोनशेहून अधिक फेऱ्या. ही माती मऊ आहे, मुरूम आहे की कठीण मुरूम, त्यावर दरपत्रकातला दर बदलतो. ती किती लांब नेऊन टाकली आणि किती उंच चढवली, त्याचा हिशेब वेगळा. साइटवर याला लीड आणि लिफ्ट म्हणतात, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या मजुरांनाही हे दोन शब्द पक्के माहीत असतात. मूळ जमीन कुठवर होती याचा पुरावा म्हणून मधे मातीचा एक खुंट न खोदता सोडतात. कनिष्ठ अभियंता टेप लावतो, मोजमाप पुस्तिकेत आकडा चढवतो, टोळीची एकूण रक्कम निघते आणि मस्टरवरच्या हजेरीप्रमाणे वाटली जाते. उत्पादकता हा शब्द मोठमोठ्या अहवालांत वाचायला मिळतो. तिचं सर्वात उघडं रूप म्हणजे हा टेप. आणि अभियंता मापाला वेळेवर आला नाही, तर अख्ख्या टोळीचा हप्ता लटकतो.

बायकांना आणि पुरुषांना इथे दर एकच होता. गावातल्या शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी रोज मिळत असताना हमीच्या कामावर ती बरोबरीने मोजली जात होती, आणि या कामांवर बायकांची संख्या कायमच मोठी राहिली. त्याचा धक्का शेतमालकाच्या ओसरीपर्यंत पोहोचला. कुठल्या रोजाखाली आपण कामाला जायचं नाही, अशी एक पातळी प्रत्येकाच्या मनात असते. पर्याय नसेल, तर ती पातळी पोटाच्या जवळ येऊन टेकते. समोर पाझर तलावाचं काम चालू असेल, तर ती वर जाते. मजूर कामावर न जाताही मालकाशी घासाघीस करू लागतो, कारण ‘तिकडे जाईन’ एवढं म्हणायची सोय झालेली असते. बागायतदारांनी यावर कुरकुर केली, पण योजना उलथवली नाही. कारण बांधबंदिस्ती, रस्ते, तलाव यांचा फायदा शेवटी जमीन असलेल्यालाच होत होता.

1988 मध्ये हमीचा रोज किमान वेतनाच्या पातळीवर आला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. आता कामावर झुंबड उडेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच, हजेरी घटली. मार्टिन रॅव्हलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी 1993 मध्ये त्याचा छडा लावला. रोज वाढल्यावर मागणी वाढली, पण सरकारने त्या प्रमाणात कामं काढली नाहीत. हमी कायद्यात होती, प्रत्यक्षात रेशनिंग सुरू झालं होतं. किंमत आणि प्रमाण यांची ही जुनीच ओढाताण. कायद्याने किंमत बांधली, की प्रमाण कुठूनतरी निसटायला बघतं.

मजुराच्या हातात आलेले 100 रुपये पुढे काय करतात? ते बसून राहत नाहीत. त्यातले समजा 80 गावातच खर्च झाले, ज्याला मिळाले त्याने त्यातले 64 पुन्हा गावात खर्च केले, असं होत होत 100 चे 500 रुपयांचे व्यवहार होतात. केंब्रिजच्या रिचर्ड काह्न यांनी 1931 मध्ये हा हिशेब मांडला, तोच गुणक. वाचताना जादू वाटते. पण आपल्या खेड्यात ती इतकी चालत नाही. तेल बाहेरचं, साबण बाहेरचा, कापड बाहेरचं, मोबाइलचा रिचार्ज तर हवेतूनच जातो. गावात 80 ऐवजी 40 च राहत असतील, तर 100 चे होतात 167 च्या आसपास. उरलेली शक्ती तालुक्याला, जिल्ह्याला, आणि फिरून मुंबईलाच जाते. ज्या नोकरदाराचे 200 रुपये कापले गेले, त्याच्याच कंपनीचा बिस्किटपुडा गावातल्या टपरीवर खपतो. परोपकार आणि धंदा यांची सीमा कुठे आखायची?

सरकारी हिशेबाची स्वतःची एक तऱ्हा आहे. पगार, व्याज, अनुदान हा महसुली खर्च, तो झाला की संपला. पूल, धरण, इमारत हा भांडवली खर्च, त्यातून मालमत्ता उभी राहते. मग केंद्राने मजुरीसाठी राज्यांना दिलेल्या पैशातून तलाव झाला, तर तो कोणत्या खात्यात? केंद्राच्या लेखी ते अनुदान, म्हणून महसुली. तलावात पाणी दिसत असलं, तरी वहीत तूट दिसते. ही विसंगती इतकी टोचली, की 2011-12 च्या अर्थसंकल्पात केंद्राने ‘प्रभावी महसुली तूट’ अशी नवी संज्ञा आणली: मालमत्ता उभारणारी अनुदानं वजा करून उरणारी तूट. महाराष्ट्राने 1990 मध्ये हमीला फळबाग लागवड जोडली. स्वतःच्याच शेतात खड्डे खोदा, कलमं लावा, जगवा, मजुरी हमीतून. कोकणातल्या हापूस-काजूच्या आणि सोलापूरकडच्या डाळिंबाच्या कितीतरी बागा त्यातून उभ्या राहिल्या. खर्च तोच, मजूर तोच, पण खड्डा आपल्या बांधाच्या आत आला आणि तो भरताना हात वेगळाच चालला. हे कुठल्या शीर्षकाखाली नोंदवायचं?

हे सगळं लिहिताना एका गोष्टीकडे काणाडोळा करणं बरोबर नाही. करातून आलेला पैसा आधी राज्याच्या एकत्रित निधीत पडतो आणि पैशाला रंग नसतो. राखीव निधीत जमा दाखवलेली रक्कम दरवर्षी पूर्ण खर्च झाली नाही, ती दुसरीकडे वळवली, ही टीका विधिमंडळात आणि बाहेर वर्षानुवर्षं झाली. राखीव कराचं दुखणं सगळीकडे हेच. वसुली नावानिशी होते, खर्च निनावी होतो.

तरीही कल्पना टिकली, आणि पसरलीही. 2005 मध्ये संसदेने संपूर्ण देशासाठी असा कायदा केला, ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांचा. 2 फेब्रुवारी 2006 रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली, आणि महाराष्ट्राने आपला जुना कायदा त्याला जोडून घेतला. 2020 मध्ये टाळेबंदीत शहरं रिकामी झाली, तेव्हा केंद्राने या योजनेत आणखी 40 हजार कोटी ओतले. त्या वर्षी साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी काम केलं. कुणी बैठक घेऊन ही कुटुंबं निवडली नव्हती. संकट आलं की हजेरी आपोआप फुगते, सुगी आली की आपोआप ओसरते. अर्थशास्त्रात याला स्वयंचलित स्थैर्यकारक म्हणतात, आणि मराठवाड्यातल्या मुकादमाला हे आलेख न काढताही मस्टरच्या जाडीवरून कळतं.

राहता राहिलं वित्त, म्हणजे वेळेची किंमत. मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी खात्यात यायला हवी. उशीर झाला, तर 2005 च्या कायद्याखालच्या नियमाप्रमाणे थकलेल्या रकमेवर दर दिवशी 0.05 टक्के भरपाई. आकडा मुंगीएवढा. त्याला 365 ने गुणा: वर्षाला सव्वाअठरा टक्के. बँकेचं वैयक्तिक कर्जही बऱ्याचदा याहून स्वस्त मिळतं. म्हणजे कागदावर तरी सरकारने स्वतःला बरंच महाग कर्ज काढलेलं आहे, आणि कर्ज देणारी आहे दोनशे फेऱ्या घमेलं वाहिलेली बाई. ही भरपाई दर वेळी मोजली जात नाही, मिळते तर त्याहून कमी वेळा. तोवर ती किराणा दुकानात वहीवर माल घेते. दुकानदार तिच्याकडून व्याज मागत नाही, तो फक्त तुरीच्या डाळीचा भाव किलोमागे दोन-चार रुपये चढा लावतो.